बिनऑपरेशनचा गुडघा

"ऑपरेशन केलंस का?" असं विचारणारं माणूस 'नाही' ऐकलं की हमखास म्हणतं, "चला, म्हणजे फारसं काही झालं नव्हतं." गेलं वर्षभर मी हे ऐकते आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या उजव्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, पूर्ण तुटलं होतं, आतल्या बाजूचं एमसीएल अर्धवट फाटलं होतं, आणि ऑपरेशन न करता तो गुडघा पुन्हा कामाला लावायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात विश्रांती फार थोडी होती. होतं ते काम. रोजचं, कंटाळवाणं, घरातल्या माणसांनाही नीटसं न दिसणारं काम. आपल्याकडे गावात राहून हे करायचं तर काय काय समोर येतं, ते कुणीतरी लिहायला हवं असं त्या वर्षात मला सतत वाटत होतं.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. रस्ता वर, घर खाली, मधे जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. ज्यांची घरं अशी आहेत त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. मी शिकवते त्या शाळेत जायचं तर पाखाडी, दळण आणायचं तर पाखाडी, एसटी पकडायची तरी पाखाडीच. आषाढात त्या दगडांवर शेवाळ धरतं. शाळेतून परतताना उतरणीवर पाय सरकला, उजवा पंजा दोन दगडांच्या सांध्यात अडकून राहिला आणि अंग डावीकडे वळलं. 'कट्' असा आवाज झाला. कानाने ऐकण्याआधी तो हाडातच जाणवला. नवऱ्याने आणि शेजारच्या दादांनी खुर्चीत बसवून मला घरात नेलं, आणि दिवेलागणीपर्यंत गुडघा टरारून सुजला.

सूज किती वेळात चढली हे डॉक्टरांनी पुढे पुन्हा पुन्हा विचारलं. साध्या लचकीची सूज हळूहळू, दुसऱ्या दिवसापर्यंत चढते. आवाज येऊन तास-दोन तासांत गुडघा फुगला, तर आत रक्त साठलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्यामागे एसीएल तुटणं हे नेहमीचं कारण. हे ज्याला ठाऊक आहे तो 'बघू दोन दिवस' म्हणत घरी बसणार नाही.

त्या संध्याकाळी घरात निर्गुडीचा पाला आला, तेल गरम झालं, पलीकडच्या वाडीतल्या हाडवैद्यांना निरोप धाडू का म्हणून विचारणाही झाली. सगळं मायेपोटी. सासूबाईंनी तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आधी फोटो काढून येऊ दे. चोळायचं काय ते मग बघू." सत्तरी ओलांडलेल्या बाईने त्या गडबडीत घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आत रक्तस्राव चालू असताना चोळल्याने आणि शेकल्याने सूज वाढते, आणि ओढाताण केली तर शाबूत असलेलंही फाटू शकतं. शेजारच्या दादांनी बंदरावरून मासळीचा बर्फ आणला. तो कुटून, पंच्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग काढायचा. वरून क्रेप बँडेज आणि पाय छातीपेक्षा उंच. रात्र तशीच काढली.

फोटोत हाड शाबूत निघालं. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याच वेळी बजावलं की एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. तसं चिपळूण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवून गुडघा जेमतेम वीस-तीस अंशांत वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. आधी डाव्या पायाची, मग उजव्या. डाव्या पायाची नडगी किंचित पुढे येऊन ठाम थांबायची, उजवीची थांबतच नव्हती. याला लॅकमन टेस्ट म्हणतात. मग घोटा धरून पाय बाहेरच्या बाजूला दाबून पाहिला. गुडघा थोडा वाकवलेला असताना आतली बाजू दुखून फाकली, पाय सरळ ठेवून केलं तेव्हा फाकली नाही. एवढ्यावरून त्यांनी निदान जवळपास सांगून टाकलं आणि पुढे एमआरआयने ते पक्कं केलं.

गुडघ्याला मुख्य लिगामेंट चार. आत फुलीसारखी दोन, एसीएल आणि पीसीएल. बाजूंना दोन, आतून एमसीएल आणि बाहेरून एलसीएल. नडगी मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि पायावर वळताना गुडघा निसटू नये, हे एसीएलचं काम. एमसीएल गुडघा आतल्या बाजूला कलू देत नाही. एमसीएलला रक्तपुरवठा बरा असतो, म्हणून ते जपलं तर बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. एसीएल सांध्याच्या आत, तिथल्या द्रवात असतं, त्यामुळे त्याची तुटलेली टोकं जुळणं कठीण. माझ्या बाबतीत नशिबाची गोष्ट एकच होती, आतल्या गाद्या म्हणजे मेनिस्कस शाबूत होत्या. गादी फाटून सांध्यात अडकली असती, गुडघा कुलूप लागल्यागत अडकून बसला असता, तर डॉक्टर थांबलेच नसते.

"मॅडम, तुम्ही कबड्डी खेळता?" त्यांनी विचारलं.

"मुलींना खेळवते. मी शिट्टी मारते."

"शेतात उतरता?"

"लावणी-कापणीला. सुट्टी असेल तेव्हा."

"मग आधी तीन महिने मन लावून व्यायाम करा. रोजच्या वावरात गुडघा दगा देतो का ते बघू. द्यायला लागला तर ऑपरेशन तेव्हाही करता येतं."

मी त्यांना सरळ विचारलं, हे आमच्या खेड्यातल्या अडचणी बघून सांगताय की हे खरंच योग्य आहे? त्यांना प्रश्नाचा राग आला नाही. स्वीडनमधल्या एका अभ्यासाबद्दल त्यांनी सांगितलं, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या. एसीएल तुटलेल्या, 18 ते 35 वयाच्या 121 जणांची दोन गटांत वाटणी केली. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर. एका गटाचं ऑपरेशन लवकर आणि सोबत व्यायाम. दुसऱ्या गटाचा आधी व्यायाम, आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी, आणि मग पाच वर्षांनीही, दुखणं, वावर आणि खेळ यांच्या गुणांमध्ये दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांवर पाच वर्षांत ऑपरेशनची वेळ आलीच नाही. उरलेल्या निम्म्यांवर आली, हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. माझं वय त्या अभ्यासापेक्षा जास्त, म्हणून तो जसाच्या तसा मला लागू करता येणार नाही, हेसुद्धा. मला हा माणूस पटला.

माझ्या भाच्याची गोष्ट वेगळी. तो जिल्हा पातळीवर कबड्डी खेळतो, त्याचंही एसीएल गेलं आणि त्याने ऑपरेशन करून घेतलं. चढाईला जाणाऱ्या मुलाला सबंध वजन एका पायावर टाकून झटक्यात वळायचं असतं. त्याच्यासाठी तो निर्णय बरोबरच होता. पण ऑपरेशननंतर त्यालाही तेच व्यायाम करावे लागले, किमान नऊ महिने मैदानाबाहेर बसावं लागलं. व्यायाम कुणालाच चुकत नाहीत. ऑपरेशन केलं म्हणजे सुटलो, असं समजून व्यायाम अर्धवट सोडलेले तरुण आमच्याच पंचक्रोशीत आहेत, आणि त्यांचं मला फार वाईट वाटतं.

फिजिओथेरपिस्ट बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, मला 'ताई' म्हणायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी गुडघ्याला हातच लावला नाही. वहीत लिहीत बसल्या. घरात पायऱ्या किती, संडास कसला, स्वयंपाक ओट्यावर की खाली बसून, पाणी कुठून, शाळा किती लांब. मी म्हटलं, "एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "ताई, गुडघा तुमच्या घरात चालवायचाय. माझ्या खोलीत चालून काय उपयोग?"

मग टेबलावर पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "मांडी आवळा आणि टॉवेल खाली दाबा." मी दाबला. निदान मला तरी वाटलं की दाबला. त्यांनी गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या अंगाला दोन बोटं ठेवली होती. "ताई, इथं काहीच हललं नाही." मी पुन्हा जोर लावला. कुल्हा आवळला, पोटरी आवळली, दात आवळले, पण त्या दोन बोटांखालचं मांस मऊच. तो स्नायू माझाच, चाळीस वर्षं न सांगता काम करणारा, आणि आता हुकूम पोचतच नव्हता. त्या वेळी मला जे वाटलं ते पडताना आलेल्या कळेपेक्षा वाईट होतं.

त्यांनी समजावलं की हे बहुतेकांचं होतं. सांध्यात पाणी साठलं की मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला गप्प करते. मनाचा जोर कमी पडला असं त्यात काही नसतं. मग तो स्नायू भराभर वाळतो, आणि एसीएल नसलेल्या गुडघ्याला आधार देणारे असतात ते स्नायूच. म्हणून पहिलं काम सूज उतरवणं आणि दुसरं हा स्नायू जागा करणं. विजेच्या यंत्राचे पॅड लावून त्यांनी तो आकुंचवून दाखवला, आणि यंत्र आवळेल तेव्हा तुम्हीही आवळा म्हणाल्या. घरी मग दर दोन तासांनी तेच. सासूबाई समोर बसून माझ्या मांडीवर बोटं ठेवायच्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, "हाललं गो, आता हाललं." घरात एवढा आनंद मुलाच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

दुसरी गोष्ट पाय पूर्ण सरळ होण्याची. दुखऱ्या गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि प्रेमाची माणसं ती उशी आणून देतातच. बाईंनी ती काढायला लावली. उशी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी, आपल्या वजनाने खाली येऊ द्यायचा. दहा-दहा मिनिटं. आत ओढ बसते, घाम फुटतो. पण गुडघ्याला पाच-दहा अंशांचा वाक राहून गेला तर चाल कायमची लंगडी होते आणि मांडीचा स्नायू पुरा जोर धरत नाही. गुडघा किती वाकतो याची चिंता सगळे करतात, सरळ होतो का हे क्वचितच कुणी बघतं. माझ्या मते पहिल्या महिन्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच.

एमसीएलसाठी बिजागरीचा ब्रेस सुमारे सहा आठवडे होता. मेडिकलमध्ये मिळणारी लवचिक नी-कॅप बऱ्याच जणांनी सुचवली. तिने ऊब मिळते, थोडा धीर येतो, पण ती नडगीला पुढे सरकण्यापासून धरून ठेवू शकत नाही. कुबड्यांचा आधार चाल सरळ होईपर्यंत. संडासाला प्लॅस्टिकची कमोड खुर्ची ठेवली. पाखाडीसाठी एक सूत्र पाठ केलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पहिले काही आठवडे मी शाळेतच गेले नाही. मग गेले तेव्हा मधल्या आळीतली पोरं दोन्ही बाजूंनी पहाऱ्याला असायची.

गणपती आले तेव्हा मी कुबडी सोडून चालत होते, पण जमिनीवर बसता येत नव्हतं. देवासमोर सगळं घर खाली आणि मी खुर्चीवर, हे मला जड गेलं. त्याहून जड गेली फुगडी. आमच्याकडे गौरी-गणपतीत रात्र रात्र फुगड्या चालतात, आणि मी लहानपणापासून त्यातली पुढची. फिजिओ बाईंना फोन करून विचारलं, "हळूच एक घेऊ का?" त्या म्हणाल्या, "ताई, पाय जमिनीवर रोवलेले, अंग गरगर फिरतंय आणि समोरची ओढतेय. एसीएल ज्या झटक्यात तुटतं, त्यातलं सगळं फुगडीत आहे." त्या वर्षी मी टाळ्या वाजवल्या आणि गाणी सांगितली.

पितृपक्षानंतर व्यायामाला खरा जोर आला, आणि तो सगळा घरातल्या वस्तूंवर. पडवीची पायरी साधारण वीतभर उंच, तिच्यावर उजवा पाय ठेवून वर चढायचं आणि तितकंच सावकाश खाली यायचं. खुर्चीवरून हात न लावता उठणं, मग स्टुलावरून, मग त्याहून बुटक्या बाकावरून. पाठीवर झोपून कुल्हे उचलणं, आधी दोन पायांवर, मग एका. मांडीच्या मागच्या स्नायूंना बाईंनी फार महत्त्व दिलं, कारण ते नडगीला मागे खेचतात. एसीएल जे काम करायचं त्यातलं बरंचसं ते उचलू शकतात. खुर्चीत बसून पायाला वजन बांधून तो सरळ करायचा व्यायाम मात्र सुरुवातीला बंद होता, कारण त्यातल्या शेवटच्या अंशांत नडगी पुढे ओढली जाते. तो पुढे, बेताबेताने आला.

तोल हा वेगळाच विषय. लिगामेंट गुडघा बांधून ठेवतं, शिवाय गुडघा कुठल्या कोनात आहे याची बातमीही मेंदूला देतं. ते तुटलं की बातमी अर्धवट पोचते. म्हणून एका पायावर उभं राहायचं. भांडी घासताना, दात घासताना, चहा उकळेपर्यंत. जमायला लागलं की डोळे मिटून. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. गोधडीवर डोळे मिटून उभी राहिले की घोट्यापासून कुल्ह्यापर्यंत सगळे बारीक स्नायू थरथरायचे, आणि ती थरथर महिन्यागणिक कमी होत गेली. ही प्रगती टेपने मोजता येत नाही, पण मला सगळ्यांत जास्त विश्वास तिनेच दिला.

टेपने मोजायचं ते वेगळं होतं. शिवणकामाची टेप घेऊन दर रविवारी सकाळी एक माप वाटीवर आणि दुसरं वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, दोन्ही पायांचं. वाटीवरचं वाढलं तर सूज, मांडीवरचं वाढलं तर ताकद. किती दुखलेलं चालेल यालाही नियम होता. दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं व्यायामात चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला किंवा गरम लागला तर कालचं काम जास्त झालं. मग एक पायरी मागे यायचं. बंद करायचं नाही, मागे यायचं. माझ्यासारख्या, एकदा हातात घेतलं की संपवूनच उठणाऱ्या बाईला हा नियम फार कामी आला.

कापणीला मी गेले नाही. उकिडवं बसून कापत पुढे सरकायचं, म्हणजे गुडघा पूर्ण मिटलेला आणि त्यावर सगळं वजन. शेजारणींनी आमचं भात कापून दिलं. मी खळ्यावर उभ्याने जे जमेल ते केलं.

तीन महिन्यांच्या आसपास चिपळूणला पुन्हा तपासणी झाली. नडगी अजूनही पुढे येत होती. ती येणारच, असं डॉक्टर म्हणाले. मांडीचे स्नायू आवळलेले असतील तर ती येत नाही, हे बघायचं. एमसीएलची बाजू आता घट्ट लागली. त्यांचा मुख्य प्रश्न एकच होता, चालताना, वळताना, पायरी उतरताना गुडघा अचानक निसटल्यासारखा झाला का? झाला नव्हता. असं वारंवार झालं असतं तर त्यांनी ऑपरेशनच सांगितलं असतं, कारण दर वेळी निसटताना गादी चिरडली जाऊ शकते, आणि गादी गेली की सांध्याची झीज वेगाने होते. एसीएल तुटलेल्या गुडघ्याला पुढे संधिवाताचा धोका राहतोच, ऑपरेशन केलं तरी आणि नाही केलं तरी, हेही त्यांनी लपवलं नाही. वजन आटोक्यात आणि मांडी मजबूत, एवढंच आपल्या हातात. ऑपरेशन तूर्त नको, असं दोघांच्याही विचाराने ठरलं. डॉक्टरांनी निर्णय माझ्यासमोर ठेवला आणि मला विचारून घेतला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

थंडी पडल्यावर किनाऱ्यावर चालायला सुरुवात केली. वाळू गुडघ्याला चांगली, असं सरसकट सांगतात. तसं नाही. कोरडी भुसभुशीत वाळू पायाखालून सरकते, तिथे गुडघा सतत वळतो, म्हणून ती शेवटी. आधी ओहोटीला उघडी पडणारी ओली, टणक वाळू. तिलाही समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे एका पायाला चढ आणि दुसऱ्याला उतार मिळतो. जितकं गेलो तितकंच त्याच वाटेने परत यायचं, म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर सारखा ताण पडतो. ओहोटीची वेळ आम्ही तिथीवरून काढतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे शाळेआधी सकाळी सहा-सातला रुंद किनारा हवा तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या आसपास सकाळी समुद्र वर आलेला असतो, तेव्हा सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, डांबरी रस्त्याने चालायचं. तिथे रेंजही येते, म्हणून फिजिओ बाईंना चालण्याचा व्हिडिओ तिथूनच पाठवायचा. त्या लिहायच्या, "उजवं पाऊल बाहेर पडतंय, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा." ते एवढंसं वाक्य घेऊन मी आठवडाभर चालायची.

त्यांनी शिकवलेल्यातली एक गोष्ट मी वर्गातल्या मुलींनाही शिकवली आहे. वळायचं झालं तर पाय उचलून वळायचं, रोवलेल्या पायावर वळायचं नाही. फळ्याकडून वर्गाकडे वळताना, कडेवर पोर असताना, हंडा घेऊन दारातून आत येताना, सगळीकडे. आणि उडी मारून उतरताना गुडघे आत मिटू द्यायचे नाहीत, वाकवून अलगद उतरायचं. खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त आढळते, आणि उडी, तोल, ताकद यांचा सराव नेमाने करून घेतला तर तिचं प्रमाण कमी होतं. आमच्या शाळेत खेळाच्या तासाची पहिली दहा मिनिटं आता त्यालाच असतात.

शिमग्याच्या सुमारास उड्या सुरू झाल्या. आधी दोन पायांवर, मग एका. एका पायावर उडी मारून किती लांब जाता येतं ते दोन्ही पायांचं मोजतात, आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत आली तर ठीक समजतात. मांडीच्या ताकदीलाही तोच निकष. या टप्प्यात दुखत काही नव्हतं, फक्त भीती होती. टेप पसरलेली, पाय तयार, आणि अंग उडी घ्यायला नकार देतंय. बाईंनी घाई केली नाही. त्या समोर उभ्या राहिल्या, हात पुढे केले आणि म्हणाल्या, "माझे हात धरून उडी मारा. मग एक हात. मग बोट." बोट सुटायला बरेच दिवस लागले. शिमगा आटपला, पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली, आणि आंब्याच्या पेट्या भरायच्या दिवसांत माझी उजवी उडी त्या आकड्याला पोचली.

पुन्हा पाऊस आला तेव्हा खरी परीक्षा पाखाडीची होती. मी वाडीच्या बैठकीत विषय काढला. दर पावसाळ्यात तिथे कुणी ना कुणी पडतंच, मी एकटी नव्हते. ब्लीचिंग पावडर आणून सगळ्यांनी मिळून दगड काथ्याच्या ब्रशने घासले, निसटलेले चिरे बसवून घेतले, आणि वळणावर धरायला लोखंडी पाइप लावला. गुळगुळीत तळाच्या प्लॅस्टिकच्या चपला मी टाकून दिल्या. आता खाचांचे तळवे असलेले पावसाळी बूट घालते. उतरताना अजून लक्ष पायाकडेच असतं, पण थांबत नाही.

लावणीला फक्त बांधावरून रोपांच्या मुठी पुरवल्या. चिखलात पाय रुतलेला असतो आणि अंग मुठीसाठी वळतं. तो नेमका तोच घोटाळा आहे. पुढच्या वर्षी, मांडी आणखी भरली तर, काठाच्या कमी खोल चिखलात उतरून पाहायला फिजिओ बाईंची हरकत नाही. फुगडी मात्र मी सोडली आहे. मला ती फार प्रिय आहे, सोडताना रडलेसुद्धा. पण शाबूत गाद्या ही माझ्याकडची सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे, आणि रात्रभराच्या खेळासाठी ती पणाला लावायची माझी तयारी नाही. ऑपरेशन करून फुगडी घालावी, असं कुणाला वाटलं तर त्यातही काही चूक नाही. ज्याचा त्याने हिशोब मांडावा, फक्त हाडांच्या डॉक्टरांकडून नीट तपासून घेऊन मांडावा.

उजवी मांडी डावीपेक्षा अजून जराशी बारीक आहे. मांडी घालून जेवायला बसता येतं, पण तासभर नाही. आठवड्यातून तीन दिवस पायरी, पाठीवर झोपून कुल्हे उचलणं, एका पायाचं उठणं आणि शेवटी उड्या असा क्रम चालू आहे, आणि तो कायम चालू राहणार आहे. सध्या काम चाललंय ते कोरड्या वाळूवर. बंदराच्या बाजूने सुरुवात करून पहिल्या सुरूच्या झाडापर्यंत जाते, तिथून परत ओल्या वाळूवर उतरते.